हिसक्याचा हिशेब

जड फिल्म कॅमेऱ्यासाठी टेबलावर मावेल असा आखूड पण भक्कम ट्रायपॉड कोणता घ्यावा, असे दुकानात विचारले की उत्तर किलोंमध्ये मिळते. हा दोन किलो पेलतो, तो पाच किलो पेलतो, कॅमेऱ्याचे वजन सांगा. डब्यावरही हाच आकडा ठळक छापलेला असतो. पण पेलणे वेगळे आणि स्थिर ठेवणे वेगळे. पाच किलोंचा भार घेऊन न मोडणारा ट्रायपॉड दीड किलोच्या कॅमेऱ्याचा फोटो खुशाल हलवून ठेवू शकतो. कॅमेऱ्याच्या आधाराचा गेल्या पावणेदोनशेहून अधिक वर्षांचा इतिहास पाहिला, तर हा आधार कसा असावा हे वजनाने क्वचितच ठरवलेले दिसते. फोटो उमटत असताना कॅमेऱ्याच्या आत, वर आणि शेजारी काय हलते, यावर ते ठरत आले. वजन हा हिशेबातला एक आकडा आहे. हिशेब हिसक्याचा आहे.

याचा सर्वांत जुना आणि सर्वांत वजनदार पुरावा कॅमेऱ्याच्याही आधीचा, भूमापनातला आहे. विल्यम लॅम्बटन यांनी भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणासाठी जो मोठा थिओडोलाइट वापरला त्याचे वजन जवळजवळ अर्धा टन होते. जड म्हणजे स्थिर हे समीकरण खरे असते, तर या यंत्राला कशाचीच फिकीर नसती. जमिनीवर ठेवायचे आणि कोन मोजायचे. प्रत्यक्षात लॅम्बटन आणि त्यांच्यानंतर जॉर्ज एव्हरेस्ट यांची निम्मी दमछाक हे यंत्र ठेवायचे कशावर यातच झाली. एव्हरेस्ट यांच्या काळात गंगा-यमुनेच्या सपाट प्रदेशात उंच मनोरे बांधावे लागले, आणि यंत्राचा खांब व निरीक्षकाने उभे राहायची जागा एकमेकांपासून सुटी ठेवण्याची पद्धत रूढ झाली. माणसाने पाय बदलला तरी त्याची थरथर यंत्रापर्यंत पोहोचू नये, एवढाच हेतू. अर्धा टन वजनाच्या यंत्राला सत्तर किलोंच्या माणसाच्या पावलाची धास्ती होती. लॅम्बटन 1823 मध्ये आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारले. या सर्वेक्षणाने घालून दिलेला धडा, म्हणजे यंत्राचा आधार माणसाच्या हालचालीपासून तोडायचा, पुढे फोटोग्राफीला पुन्हा पहिल्यापासून शिकावा लागला.

फोटोग्राफीची सुरुवात लांब पायांच्या तिकाटण्यावर झाली असा सर्वसाधारण समज आहे. त्या काळातली व्यंगचित्रेही तो पक्का करतात. पण सुरुवातीचे बरेचसे काम सपाट पृष्ठभागावर झाले. इंग्लंडमधल्या लेकॉक येथे 1835 मध्ये हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी ज्या चिमुकल्या लाकडी पेट्यांमध्ये चित्रे उमटवली, त्या घरात आणि घराभोवती जागा मिळेल तिथे ठेवून दिलेल्या असत. त्यांच्या पत्नीने त्यांना उंदराचे सापळे म्हटले ते काही उगीच नाही. त्याहून बोलके उदाहरण व्हिएन्नाचे आहे. जोसेफ पेट्झव्हाल यांनी 1840 मध्ये गणित मांडून आखलेले तेजस्वी भिंग बसवून फोइग्टलेंडर यांनी संपूर्ण पितळेचा कॅमेरा काढला. गोल तबकडीवर चित्र घेणारा हा कॅमेरा टेबलावर ठेवायच्या पितळी खांबावर, दोन बाजूंनी धरणाऱ्या बेचक्यात आडवा बसत असे. आज ज्याला आपण टेबलटॉप सपोर्ट म्हणतो तो तयार अवस्थेत इथेच भेटतो. आणि त्याचे काम काय होते? फोकस लावून झाला की छायाचित्रकार कॅमेरा खांबावरून उचले, अंधाऱ्या खोलीत नेऊन त्यात संवेदनशील केलेली तबकडी भरे आणि परत आणून त्याच जागी, त्याच रोखाने ठेवे. कॅमेरा तिथून हलणार हे गृहीतच होते. आधाराने जागा लक्षात ठेवायची होती. पुढे मिनिटभराच्या आतबाहेर चाललेल्या त्या एक्स्पोजरमध्ये कॅमेऱ्याच्या आत काहीही हलत नव्हते. शटर नव्हते, झाकण काढायचे आणि लावायचे. हलत होता तो समोरचा माणूस. म्हणून स्टुडिओतली सर्वांत भक्कम लोखंडी तिवई कॅमेऱ्याखाली नसायची, ती फोटो काढून घेणाऱ्याच्या मागे असायची आणि तिच्या चिमट्यात त्याचे डोके अडकवलेले असायचे. ज्याची हालचाल घातक, त्याला आधार, नियम तोच.

कॅमेरा टेबलावरून उतरून लांब पायांवर गेला तो स्थैर्यासाठी नव्हे. त्याला घराबाहेर जायचे होते आणि बाहेर टेबल नव्हते. मुंबईत 1854 मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, तिच्यात भाऊ दाजी लाड यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे हौशी होते, आणि तो काळ ओल्या काचेचा होता. फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांच्या 1851 च्या पद्धतीत काच ओली असतानाच चित्र घेऊन धुवावी लागे, म्हणजे काळोखा तंबू, रसायने आणि पाणी सोबत हवेच. त्या सामानात ट्रायपॉड ही सर्वांत किरकोळ वस्तू होती. या काळातले लाकडी पाय पाहिले तर ते आजच्या नजरेला चक्क बारीक वाटतात. मोठ्या काचेचा, भात्याचा अवजड कॅमेरा त्यांच्यावर निर्धास्त उभा आहे. कारण पुन्हा तेच. भिंगाचे झाकण हळूच काढणाऱ्या हाताशिवाय त्या कॅमेऱ्याला काही धक्का लागत नव्हता, आणि तो हात सरावाचा होता.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो दुर्लक्षण्यासारखा नाही. ट्रायपॉडची गरज निर्माण केली ती लांबलचक एक्स्पोजरने, तेव्हा हालचालीचा सिद्धांत कशाला? कोरड्या काचा आल्या, मग फिल्म आली, 1888 मध्ये कोडॅकने हातात धरायचा कॅमेरा विकायला काढला, सेकंदाच्या अंशात चित्र उमटू लागले, आणि ट्रायपॉड घराघरांतून अडगळीत गेला. वेळ कमी झाला, आधार संपला. हौशी माणसापुरते हे खरे आहे. पण लांब वेळ हे कारण पुरेसे असते तर वेळ सर्वांत कमी झाला त्या ठिकाणी आधारही सर्वांत हलका व्हायला हवा होता. घडले उलटे. प्रत्येक चित्राला सेकंदाचा लहानसा अंशच मिळणारे यंत्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अवतरले, आणि त्याला फोटोग्राफीच्या तोवरच्या कोणत्याही कॅमेऱ्यापेक्षा मजबूत पाय लागले. ते यंत्र म्हणजे चलच्चित्राचा कॅमेरा.

ल्युमिएर बंधूंचा सिनेमॅटोग्राफ जेमतेम पाच किलोंच्या घरातला होता, म्हणजे मोठ्या काचेच्या स्टुडिओ कॅमेऱ्यापुढे किरकोळ. पण त्याच्या कडेला हँडल होते आणि ते सेकंदाला दोन फेरे या लयीत फिरवायचे होते. एका फेऱ्यात आठ चित्रे. हाताचा दाब प्रत्येक फेऱ्यात खाली, पुढे, वर, मागे असा दिशा बदलत असतो. शिवाय आत फिल्म सेकंदाला सोळा वेळा ओढली जाते आणि सोळा वेळा थांबते. मनोऱ्यावरच्या थिओडोलाइटला निदान निरीक्षक शेजारी गप्प उभा असे. इथे निरीक्षक यंत्राला धरून सतत पिळतो आहे, आणि तेही नेमके चित्र उमटत असताना. म्हणून सिनेमाच्या ट्रायपॉडचे पाय दुहेरी काठ्यांचे झाले, टोकांना जमिनीत रुतणारे लोखंडी अणकुचीदार खिळे आले, आणि गुळगुळीत फरशीवर पाय फाकू नयेत म्हणून खाली त्रिकोणी चौकट आली. लंडनमध्ये रॉबर्ट पॉल यांनी 1897 साली व्हिक्टोरिया राणीच्या मिरवणुकीसाठी कॅमेरा आडवा वळवता येणारे डोके बनवले, तेव्हा ते दात्यांच्या चाकावर चालणारे केले. सैल डोके असते तर हँडलच्या हिसक्याने कॅमेरा आपणहून वळला असता. पायांइतकेच, किंबहुना पायांपेक्षा जास्त, डोक्याकडे लक्ष द्यावे लागते हे इथे पहिल्यांदा स्पष्ट झाले.

आपल्याकडचे सुरुवातीचे सिनेमावाले याच हँडलच्या शाळेत शिकले. सावे दादा म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी 1899 मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी 1918 च्या सुमारास आपला कॅमेरा स्वतःच घडवला. पण या विषयात खरा साक्षीदार दादासाहेब फाळके आहेत. त्यांनी 1912 मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला आणि ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी कुंडीत रुजणाऱ्या वाटाण्याचे छोटे चित्र बनवले. थोड्या थोड्या अवधीने एकेक चौकट घेत, काही आठवडे. ते पडद्यावर चालवल्यावर बी फुटून वेल सरसर वर चढतो. भांडवल घालू शकणाऱ्यांना या नव्या धंद्याची करामत पटवण्यासाठी ते केले होते, आणि करामत म्हणून ते अस्सलच आहे. पण आधाराच्या दृष्टीने पाहिले तर ते त्याहून मोठे आहे. इथे एकेका चौकटीचा वेळ क्षुल्लक, कॅमेऱ्याचे वजन तेच, आणि तरी मागणी सर्वांत कठोर. रोज हँडलला हात लागणार, मधल्या वेळात माणसे शेजारून वावरणार, आणि आठवड्यांनंतरची चौकट पहिल्या चौकटीवर बरोबर बसली पाहिजे. कॅमेरा सुईभर जरी सरकला तरी वाटाण्याऐवजी कुंडीच उड्या मारताना दिसली असती. आगकाड्या नाचवणारे ‘आगकाड्यांची मौज’ आणि पौराणिक चित्रपटांतले चमत्कारही याच भांडवलावर उभे आहेत: फिल्म मागे गुंडाळून तिच्यावर दुसरे चित्र घ्यायचे, तर दोन वेळांमध्ये कॅमेरा जागचा हलता कामा नये. देव अंतर्धान पावतात ते तिवईच्या कृपेने, असे म्हटले तर पौराणिक चित्रपटांचा अपमान होऊ नये.

त्यानंतर सिनेमात जे झाले ते माझ्या मुद्द्याला आणखी बळ देते. बोलपट आल्यावर हँडल गेले आणि मोटर पक्की झाली, आणि मोटरचा आवाज माइकपर्यंत जाऊ नये म्हणून कॅमेऱ्यावर जाड आवरण चढले. कॅमेरा पूर्वीपेक्षा कितीतरी जड झाला. मग आधार आणखी भक्कम, आणखी अचल झाला का? तो चाकांवर चढला. जड कॅमेरा डॉलीवर फिरू लागला, क्रेनवर उचलला जाऊ लागला, कारण त्याला बाजूने पिळणारा हात उरला नव्हता. आणि जिथे कॅमेरा जमिनीलगत हवा होता, तिथे सिनेमाने आपला स्वतःचा टेबलटॉप ट्रायपॉड शोधला: आखूड पायांचा ‘बेबी’ ट्रायपॉड आणि पालथ्या टोपीच्या आकाराची, फळीवर ठोकायची ‘हाय हॅट’. जपानमध्ये यासुजिरो ओझू यांनी तर हे आयुष्यभराचे व्रत केले. चटईवर बसलेल्या माणसांच्या घरातली दृश्ये ते जमिनीपासून अगदी थोड्या उंचीवरून घेत आणि त्यांचे कॅमेरामन युहारू आत्सुता यांना पालथे पडून कॅमेऱ्यात पाहावे लागे. त्यासाठी खास बनवलेला बुटका ट्रायपॉड आत्सुता यांनी विम वेंडर्स यांच्या 1985 च्या ‘टोकियो-गा’ या माहितीपटात दाखवला आहे. जड सिनेमा कॅमेऱ्याला आखूड पाय चालतात, एवढेच त्यातून सिद्ध होत नाही. आखूड पाय लांब पायांपेक्षा जास्त ताठ असतात हेही होते. काठी जितकी आखूड तितकी कमी लवते. छोटा ट्रायपॉड म्हणजे मोठ्याची लेचीपेची नक्कल, हा समज बाजारातल्या स्वस्त मालाने पसरवला आहे.

त्या समजाचे दुसरे मूळ मात्र एका चांगल्या वस्तूत आहे. ऑस्कर बार्नाक यांचा लायका कॅमेरा 1925 मध्ये लाइपझिगच्या मेळ्यात आला. लाइट्झ कंपनीने पुढे त्यासाठी घडी करून खिशात घालता येईल असा छोटा टेबल ट्रायपॉड आणि गोळीसांध्याचे डोके काढले. टेबलावर ठेवा, भिंतीला टेकवा, नाही तर छातीला टेकवून उभ्याउभ्या फोटो घ्या. हे साधन अजूनही लोक जपून वापरतात आणि त्याची कीर्ती रास्त आहे. पण ते ज्या कॅमेऱ्यासाठी होते त्याच्या आत आरसा नव्हता; कापडी पडद्याचे शटर तेवढे हळूच सरकायचे. सुरुवातीच्या कोडाक्रोमसारख्या रंगीत फिल्मचा वेग आजच्या मोजमापात दहाच्या आसपास होता, म्हणून संध्याकाळी आधार लागे. हिसका सोसण्यासाठी नव्हे. छोट्या ट्रायपॉडची व्याख्या त्या शांत स्वभावाच्या कॅमेऱ्यावरून ठरून गेली. अडचण झाली ती आरशाचे मोठे कॅमेरे आल्यावर.

हॅसलब्लाड 500सी 1957 चा, पेंटॅक्स 6×7 हा 1969 चा आणि मामिया आरबी67 हा 1970 चा. तिन्ही जड, पण तिघांचा स्वभाव वेगळा, आणि नेमक्या या फरकामुळे नुसत्या किलोंचा हिशेब कोसळतो. मामिया सर्वांत वजनदार, भिंग आणि फिल्मच्या पाठीसह अडीच किलोंच्या वर. पण त्याचे शटर भिंगाच्या आत आहे, पाकळ्यांचे, सौम्य. आरसा आधी वर घेता येतो. आणि उभी चौकट हवी असेल तर फिल्मची पाठ तेवढी फिरते, कॅमेरा कलंडवावा लागत नाही. हॅसलब्लाडची चौकट चौरसच, त्यामुळे उभे-आडवे हा प्रश्नच नाही, आणि त्यातही आरसा आधी उचलण्याची सोय आहे. पेंटॅक्स मामियापेक्षा हलका, पण त्याचा भलामोठा आरसा जोरात आपटतो, आरसा आधी उचलण्याची सोय पहिल्या मॉडेलमध्ये नव्हती, ती 1976 मध्ये आली. शिवाय फिल्मसमोरून धावणारे मोठे कापडी शटर स्वतःचा वेगळा झटका देते, तो आरसा उचलूनही राहतो. उभ्या चौकटीसाठी हा सगळा डोलारा आडवा करावा लागतो, म्हणजे वजन तीन पायांच्या त्रिकोणाबाहेर लोंबकळते. कमी वजनाचा कॅमेरा जास्त दणकट ट्रायपॉड मागतो, हे उदाहरण डोळ्यांसमोर असताना डब्यावरचा किलोंचा आकडा कोणत्या उपयोगाचा?

यावर जाणकार म्हणतील की जड कॅमेरा आपल्या वजनानेच हिसका गिळतो. अर्धसत्य आहे. तोच धक्का जड वस्तूला कमी हलवतो हे पदार्थविज्ञान खरे, आणि हातात धरलेल्या जड कॅमेऱ्याचा फोटो कधीकधी हलक्यापेक्षा चांगला येतो तो त्यामुळे. पण ट्रायपॉडवर कॅमेरा एकटा नसतो. तो आणि पाय मिळून एक स्प्रिंग होते. लवचीक पायांवर वजन वाढवले की डोलणे मंद होते आणि जास्त वेळ चालते. आणि हा वेळच महत्त्वाचा आहे. पाचशेव्या हिश्शाच्या एक्स्पोजरला डोलायला फुरसत मिळत नाही. दहा सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये सुरुवातीचे डोलणे नगण्य ठरते. मारले जाते ते मधले क्षेत्र, साधारण पंधराव्या हिश्शापासून अर्ध्या सेकंदापर्यंत, जिथे चित्राचा बराचसा काळ कॅमेरा थरथरतच असतो. जास्त वेळ म्हणजे जास्त धोका, हे आक्षेपातले समीकरण इथे उघडउघड उलटे होते. वाळूची पिशवी लटकवण्याचा उपायही याच कारणाने अर्धाच: पाय टेबलावर घट्ट दबतात, पण डोक्याचा सांधा मऊ असेल तर कॅमेरा त्याच्या वर मजेत डोलत राहतो. सरळ वाळूच्या उशीवरच कॅमेरा ठेवावा, हा सल्ला मात्र मला बराचसा मान्य आहे. मान वर करून पाहायचे नसेल आणि उभी चौकट नको असेल, तर उशी पुष्कळ ट्रायपॉडांना हरवते.

मग निवड करायची ती डोक्यापासून. गोळी मोठी हवी, आणि आवळल्यावर कॅमेरा हाताने दाबून पाहिला तर चित्र सरकू नये. स्क्रूकडेही पाहावे: जोसेफ व्हिटवर्थ यांनी 1841 मध्ये मांडलेल्या आट्यांच्या पद्धतीतून आलेला पाव इंची स्क्रू बहुतेक कॅमेऱ्यांना चालतो, पण मोठ्या कॅमेऱ्यांसाठी तीन अष्टमांश इंची स्क्रू जुन्या काळापासून आहे, आणि तुमच्या कॅमेऱ्याला त्याचे भोक असेल तर बारीक स्क्रूवर अडीच किलो लटकवण्यात शहाणपणा नाही. पाय एकाच तुकड्याचे, घडीचे कमीत कमी सांधे असलेले, आणि रुंद पसरणारे असावेत. मधला उंच करायचा दांडा असेल तर तो खालीच ठेवावा, किंबहुना नसलेलाच बरा. ठेवताना एक पाय नेहमी भिंगाच्या रोखाने पुढे असावा. आणि शेवटी, तारेने किंवा केबलने शटर सोडावे, म्हणजे एव्हरेस्टच्या मनोऱ्यावरच्या निरीक्षकासारखे आपणही यंत्रापासून सुटे राहतो. कमरेच्या उंचीवर वरून डोकावून पाहायचा कॅमेरा, म्हणजे हॅसलब्लाड किंवा मामिया, आखूड ट्रायपॉडवर वापरायला सुखाचा. प्रिझमचा पेंटॅक्स टेबलावर ठेवला तर त्याच्यामागे आत्सुता यांच्यासारखी मान मोडावी लागते. पेंटॅक्सवाल्याने छोट्या ट्रायपॉडांच्या कप्प्याकडे न जाता सिनेमावाल्यांच्या बेबी ट्रायपॉडाकडे किंवा मोठ्या ट्रायपॉडाच्या पायांचे खालचे तुकडे काढून आखूड केलेल्या जोडणीकडे पाहावे. आणि लाइट्झचा जुना टेबल ट्रायपॉड चोरबाजारात स्वस्तात हाती लागलाच, तर तो घ्यावा, पण आरसा नसलेल्या कॅमेऱ्यासाठी.